सार्वजनिक संस्था कोणाच्या?

बाजारपेठेतले एखादे दुकान कोणाचे, असे आपल्या गावात कोणी विचारले तर उत्तर लगेच मिळते. मालकाचे नाव पाटीवरच असते. जिल्हाधिकारी कचेरी कोणाची, या प्रश्नाचे उत्तरही सोपे आहे, ती सरकारची. परंतु वाचनालय कोणाचे, रक्तपेढी कोणाची, बालकाश्रम कोणाचा, असे विचारले म्हणजे उत्तर देणारा थोडा घुटमळतो. कोणी अध्यक्षांचे नाव सांगतो, कोणी ज्यांच्या देणगीतून इमारत झाली त्या शेटजींचे. ‘आपल्या सगळ्यांची’ हे उत्तर क्वचितच ऐकू येते, आणि आले तर बहुधा उद्घाटनाच्या भाषणात. हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने खरे आहे काय, आणि व्यवहारात ते खरे व्हायचे असेल तर नागरिकांनी काय करावे लागते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आम्ही कामगार संघटनेत वाढलेली माणसे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. त्यामुळे सार्वजनिक संस्थांविषयी आमच्या मनात कृतज्ञता आहे. त्याचबरोबर संघटनेच्या कामाने एक खोडही लावली आहे. कोणी पैसे गोळा करू लागला की आमची नजर प्रथम त्याच्या हातातल्या पावतीपुस्तकाकडे जाते. पुढील विवेचनात या दोन्ही गोष्टी वाचकांना दिसतील.

प्रथम अशा संस्थेचा जन्म कसा होतो ते पाहू. आपल्या देशात यासाठीचा मूळ कायदा १८६० सालचा आहे. वाङ्मय, विज्ञान, शिक्षण किंवा धर्मादाय अशा हेतूने सात माणसे एकत्र आली, त्यांनी आपला उद्देश कागदावर मांडून सह्या केल्या आणि नियमावली जोडली, की संस्थेची नोंदणी करता येते. पुढे १९२६ साली कामगार संघटनांचा कायदा झाला, त्यानेही संघटना नोंदवायला मुळात सातच माणसे मागितली होती. गिरणीतल्या सात जाबरांना जे शक्य होते तेच पेठेतल्या सात वकिलांना. आरंभी दोघांचीही शिदोरी सारखीच होती.

महाराष्ट्रात याच्या जोडीला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. गरिबांना किंवा संकटात सापडलेल्यांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसामान्य लोकोपयोगाचे अन्य काम हे त्याने मानलेले धर्मादाय हेतू होत. या हेतूंनी चालणाऱ्या संस्थेला, तसेच देवस्थान, मशीद, चर्च यांच्या विश्वस्त व्यवस्थांना सरकारी नोंदवहीत नाव घालावे लागते. देवस्थानापासून व्यायामशाळेपर्यंत पुष्कळ संस्थांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते ती या कायद्यामुळे. वक्फची व्यवस्था तेवढी वेगळ्या कायद्याने पाहिली जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘ना नफा’ तत्त्वावरील संस्था म्हणजे तोट्यात चालणारी किंवा फुकट सेवा देणारी संस्था, असे अनेकांना वाटते. तसे नाही. धर्मादाय रुग्णालय शुल्क घेऊ शकते, शाळा फी घेऊ शकते, वर्षाअखेर हातात शिल्लकही राहू शकते. बंधन एवढेच की ती शिल्लक कोणाच्या खिशात जाता कामा नये, ती संस्थेच्या उद्देशावरच खर्च झाली पाहिजे. दुकानाचा नफा मालक घरी नेतो, कंपनीचा नफा भागधारकांत वाटला जातो, सहकारी संस्था आपल्या सभासदांना लाभांश देऊ शकते. धर्मादाय संस्थेत मात्र वाटून घ्यायला कोणी नाही, कारण तिथे मालकच नाही. विश्वस्त हा शब्दही नीट समजून घ्यावा. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने सांभाळणारा तो विश्वस्त. म्हणून तर संस्थेची जागा विकायची झाली तर त्याला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी काढावी लागते. आपली वस्तू विकायला कोणी परवानगी काढत नसतो.

मग ही वस्तू कोणाची? या प्रश्नावर महाराष्ट्रात फार पूर्वी भांडण होऊन गेले आहे, आणि ते भांडण फलदायी ठरले. पुण्याच्या पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. त्यांचा विचार करण्यासाठी मंडळी जमली, आणि त्या चळवळीतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा जन्माला आली. सार्वजनिक काका म्हणून ओळखले गेलेले गणेश वासुदेव जोशी तिचे प्रमुख कार्यकर्ते होते. या सभेचा नियम असा होता की, सभासद व्हायचे असेल त्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. आरंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी अशी सुमारे सहा हजार माणसे होती. लोकांच्या वतीने बोलायचे असेल तर लोकांची सही दाखवा, हा त्या नियमाचा अर्थ. देवळाच्या हिशेबावरून सुरू झालेली गोष्ट लोकांच्या प्रतिनिधित्वापर्यंत जाऊन पोहोचली ती अशी.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आम्ही आमच्याच घरातले देतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा उभी केली. ‘दीनबंधू’ पत्राचे हे संपादक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांच्या प्रयत्नाने १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. आज ज्या सुटीच्या दिवशी आपण व्याख्यानाला येऊन बसतो ती सुटी कोणाच्या कष्टाची, हे यावरून ध्यानात यावे. परंतु त्या सभेला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावलीही नव्हती. सारी मदार लोखंड्यांच्या अंगच्या तळमळीवर होती. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता फेब्रुवारी महिन्यात ते स्वतः प्लेगाने गेले, आणि त्यांच्यामागे ती सभा टिकली नाही. माणूस केवढाही मोठा असला तरी त्याचे आयुष्य संस्थेला पुरत नाही. संस्थेला सभासद लागतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सोलापूरला सार्वजनिक कामाची परंपरा नवी नाही. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी गावासाठी तलाव खोदविला, आणि तो भक्तांच्या श्रमदानाने झाला असे परंपरा सांगते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण पाण्याविषयी वापरतो, परंतु तळे मुळात घमेल्या घमेल्याने खोदावे लागते, हे सोलापूरकराला सांगायला नको. तेव्हा नोंदणीचा कायदा नव्हता, पावतीपुस्तकही नव्हते. पण ज्याने माती उपसली त्याला तळ्यावर हक्काने घागर बुडविता येत होती.

नव्या काळातले पहिले मोठे उदाहरण पंढरपूरचे. १८७५ साली तेथे न्यायखात्यात असलेले लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने आणि प्रार्थना समाजाच्या आधाराने टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम निघाला. तोच आजचा नवरंगे बालकाश्रम. विधवेच्या पोटी आलेले मूल मारले जाण्याचा तो काळ होता. सरकारला जे सुचले नाही आणि बाजाराला ज्यात काही मिळण्यासारखे नव्हते, ते काम तिसऱ्याच कोणी तरी करणे भाग होते. अशा संस्थांचे प्रयोजन कोणी विचारले तर आम्ही पंढरपूरकडे बोट दाखवू.

सोलापूर शहरातली वाढ गिरण्यांबरोबर झाली. १८७७ साली जुनी गिरणी चालू झाली, मागोमाग दुसऱ्या गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कानडी मुलखातून व मराठवाड्यातून शेतमजूर आले. दर समाजाने आपापली शाळा, वसतिगृह, वाचनालय, मंदिर उभे केले. व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून विद्यालये आणि दवाखाने झाले. हिराचंद नेमचंद यांच्या नावाचे वाचनालय, दमाणी घराण्याच्या नावाची रक्तपेढी ही नावे सोलापूरकरांच्या तोंडी आहेत. १९४० साली दयानंद महाविद्यालय आणि १९५३ साली संगमेश्वर महाविद्यालय सुरू झाले. १९६३ साली वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ते पुढे सरकारने आपल्याकडे घेतले. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी १९८२ साली कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले, आणि १९८७ पासून तेथे खेडोपाडीच्या कर्करोग्यांची पद्धतशीर नोंद ठेवली जाऊ लागली. ग्रामीण भागासाठी अशी नोंदवही भारतात प्रथम ठेवली गेली ती बार्शीला. ही मोठी अभिमानाची गोष्ट आहे, आणि ती मुंबई-पुण्याच्या लोकांना अनेकदा आम्हांलाच सांगावी लागते.

पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. हजारो घरांतल्या चुली थंडावल्या. मालकांचे वाडे विकले गेले, जमिनींचे भाव झाले. मात्र त्यांच्या काळात उभी राहिलेली पुष्कळशी महाविद्यालये आणि वाचनालये राहिली. गिरणी मालकाची होती, म्हणून ती बंद करण्याचा विचार मालक करू शकला. संस्थेच्या बाबतीत तसा अधिकार कोणा एकाच्या हाती नव्हता. मालक नसणे हे संस्थेचे केवढे मोठे बळ आहे, हे आपल्या शहराने पोट जाळून पाहिले आहे.

परंतु मालक नसणे हेच तिचे दुबळेपणही आहे. जिला मालक नाही तिच्यावर कोणीही मालकी सांगू लागतो. आयत्या बिळावर नागोबा यायला वेळ लागत नाही. म्हणून संस्था कोणाच्या पैशावर चालते, हे नीट पाहिले पाहिजे. आमच्या मते हा पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. एक देणगीची, दुसरी सरकारी अनुदानाची, आणि तिसरी वर्गणीची.

देणगीला आम्ही नावे ठेवणार नाही. तिचे एक उत्तम उदाहरण सोलापुरातच आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ साली विद्वानांना एकत्र बोलावून विचारविनिमय केला आणि जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना केली. प्रथम त्यांनी तीस हजार रुपये दिले, आणि १९४४ साली आपली सुमारे दोन लाखांची, म्हणजे जवळजवळ सगळीच मालमत्ता विश्वस्तांच्या स्वाधीन केली. त्यातून निघालेल्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्राकृत आणि संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढल्या. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांनी तिचे संपादन केले. सोलापूरच्या पत्त्यावर छापलेली ही पुस्तके देशोदेशींच्या अभ्यासकांच्या टेबलावर गेली. १९५७ साली दोशी वारले, माला चालत राहिली. ज्या दात्याचे नाव दारावर राहते आणि हात तिजोरीवरून निघतो, तो खरा दाता. ज्याचा हात तिजोरीवरच राहतो त्याने देणगी दिली असे म्हणू नये, त्याने पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात ठेवले एवढेच.

अनुदानाची वाट समजण्यासाठी आपण थोडे दूर जाऊ. सोलापूरचा आणि अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांचा संबंध जुनाच आहे. येथे शाळा काढणारे अमेरिकन मराठी मिशन हे बॉस्टन शहरातल्या एका मंडळाच्या पैशावर चालत असे. त्याच देशातल्या शिकागो शहराची एक कथा कामगारांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन स्टार या दोन मैत्रिणींनी तेथल्या कष्टकरी वस्तीत एक जुना वाडा घेतला आणि तेथेच राहायला गेल्या. हल नावाच्या गृहस्थाचा तो वाडा, म्हणून संस्थेचे नाव हल हाउस पडले. तेथे पाळणाघर होते, रात्रीचे वर्ग होते, परदेशातून आलेल्या मजुरांना भाषा शिकविण्याची सोय होती. सदरे शिवणाऱ्या कामगार बायकांच्या संघटनेच्या बैठका त्याच वाड्यात भरत. तेथल्या फ्लोरेन्स केली या बाईंनी कारखान्यांची पाहणी केली, आणि १८९३ साली इलिनॉय राज्यात चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात ठेवण्यास बंदी करणारा कायदा झाला. दान देता देता ते का द्यावे लागते, याचा शोध या बायकांनी घेतला, म्हणून आम्हांला त्यांच्याविषयी आदर वाटतो. जेन ॲडम्स यांना १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कथेचा उत्तरार्ध. पुढच्या काळात ही संस्था खूप मोठी झाली. शहरभर तिच्या शाखा झाल्या, आणि तिचे बहुतेक उत्पन्न सरकारी कामाच्या पैशातून येऊ लागले. लोकांच्या देणग्या त्या मानाने थोड्या राहिल्या. मंदी आली, सरकारी पैसा आटला, कर्ज वाढले, आणि जानेवारी २०१२ मध्ये, एकशे बावीस वर्षांनी, तिने आपले दरवाजे बंद केले. मूळ वाडा संग्रहालय म्हणून उभा आहे. हजारो माणसे तिच्या सेवेचा लाभ घेत होती, परंतु लाभार्थी आणि सभासद यांत फरक असतो. लाभार्थी संस्था बंद झाली की दुसरा दरवाजा शोधतो. सभासद ती बंद होण्यापूर्वी सभा बोलावतो.

आपल्याकडेही हे संकट वेगळ्या रूपाने आले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांनी आपल्या गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे ठरले. पैसा आला ही चांगली गोष्ट. पण तो बहुधा ठरावीक कामासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी येतो. मग गावाला काय हवे यापेक्षा कंपनीच्या कागदात काय बसते, याकडे संस्थेचे डोळे लागतात. सेवेची संस्था हळूहळू ठेकेदार होऊन बसते, आणि तिला ते कळतही नाही.

तिसरी वाट वर्गणीची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बायकांनी दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढले. मूठभर जोंधळ्याने पोराचे एक वेळचेही पोट भरत नाही. पण जिने मूठ टाकली ती ‘आमचे बोर्डिंग’ म्हणू लागली, आणि या ‘आमचे’ शब्दाची किंमत कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही.

सोलापुरात वर्गणीचा मोठा प्रयोग विडी वळणाऱ्या बायकांनी केला. १९७६ साली केंद्र सरकारने विडी कामगारांच्या कल्याणासाठी निधीचा कायदा केला. विड्यांवरच्या उपकरातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरे यांना पैसा मिळे. २०१७ साली नवी करपद्धती आली तेव्हा हा उपकर रद्द झाला. स्वतःचा झरा असलेली विहीर आणि टँकरची वाट पाहणारी विहीर यांत जो फरक आहे तोच येथे झाला. तथापि त्याआधीच या बायकांनी संघटनेच्या मार्गाने सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली होती. कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची वसाहत झाली, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे देण्यात आली. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आखले गेले. त्यांतली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मिळाली. दोन्ही वेळी सरकारचा पैसा मोठा होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु घर मिळालेली बाई त्या संस्थेची सभासद होती, तिने हप्ता भरला होता, मोर्चात चालली होती. तिला घर ‘वाटले’ गेले नाही.

कुंभारीच्या वसाहतीला गोदावरी परुळेकर यांचे नाव आहे, आणि ते सर्वस्वी योग्य आहे. गोदूताई वकिलीचे शिक्षण घेतलेल्या. गोखल्यांनी १९०५ साली काढलेल्या भारत सेवक समाजात त्या गेल्या, आणि त्या समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य झाल्या. साक्षरतेचे काम केले. पुढे ती वाट सोडून त्या कामगारांत व वारली शेतमजुरांत संघटना बांधायला गेल्या. सेवा करणाऱ्याने ज्याची सेवा करायची त्याला शेवटी आपल्या बरोबरीने बसविले पाहिजे, हा त्यांच्या आयुष्याचा अर्थ आम्ही घेतो.

कोणी विचारील, मग साऱ्याच संस्था वर्गणीवर चालवाव्यात काय? तसे आमचे म्हणणे नाही. पंढरपूरच्या आश्रमातले अर्भक वर्गणी देऊ शकत नाही. बार्शीच्या रुग्णालयात खाटेवर पडलेल्या माणसाकडून संस्थेच्या कारभाराची चौकशी होणार नाही. जो सभासद होऊ शकत नाही त्याच्यासाठी दानच लागते. पण तेथेही त्याच्या वतीने विचारणारा कोणी तरी पाहिजे, आणि तो विचारणारा म्हणजे आपण नागरिक.

विचारण्याचा हक्क आपल्याला कोठून येतो? तो आपण भरलेल्या करातून येतो. धर्मादाय संस्थेला प्राप्तिकरात सूट असते, तिला देणगी देणाऱ्यालाही पात्रतेप्रमाणे सवलत मिळते, कित्येकींना जागा नाममात्र भाड्याने दिलेली असते. हा सगळा सार्वजनिक पैसाच झाला. म्हणून कायद्याने काही जबाबदाऱ्या घातल्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवायच्या असतात, तसेच एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायची असते. २००६ सालापासून ही योजना अमलात आहे. तरीही आमच्याकडे एका यंत्रमाग कामगाराचे कुटुंब आले, त्याने सावकाराचे कर्ज काढून सगळे बिल भरले होते. त्या रुग्णालयात योजनेचा फलक होता, परंतु तो औषधांच्या कपाटामागे होता. फलक लावल्याची पूर्तता झाली आणि तो वाचला जाणार नाही याचीही तजवीज झाली. हे रुग्णालय कोणते, हा येथे प्रश्न नाही. प्रश्न असा की, त्या कपाटाशेजारून रोज जाणाऱ्या शेकडो नागरिकांपैकी एकानेही ते सरकवायला का सांगितले नाही.

तेव्हा नागरिकांनी काय विचारावे, ते थोडक्यात सांगतो. संस्थेच्या विश्वस्तांत बदल झाला तर तो नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. तसा कळविला आहे काय? हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. ते घेतले आहेत काय? नवे सभासद करून घेतात काय, की यादी वीस वर्षांपूर्वीच बंद झाली? एकच गृहस्थ किती वर्षे अध्यक्ष आहेत, आणि त्यांच्यामागून त्यांचे चिरंजीवच येणार आहेत काय? विश्वस्तांच्या हातून गैरकारभार होत असेल तर संस्थेशी हितसंबंध असलेल्या दोन व्यक्तींनाही आयुक्तांच्या संमतीने न्यायालयात जाता येते. कायद्याने सात माणसांना संस्था काढू दिली आहे, आणि दोन माणसांना ती वाचवू दिली आहे.

अर्थात कोर्टाची पायरी ही शेवटची. पहिली पायरी वार्षिक सभेची, आणि तीच बहुतेकांनी पाहिलेली नसते. संस्थांच्या इतिवृत्तांत एक वाक्य वर्षानुवर्षे तसेच उतरविलेले आढळते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात आली, व अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरविण्यात आली. त्या अर्ध्या तासात चहा होतो, आणि नंतर वर्षभराचे सारे ठराव पाच माणसांत एकमताने मंजूर होतात. या पाच माणसांना आम्ही दोष देत नाही. निदान ती आली होती. संस्था बळकावल्या जातात अशी तक्रार आपण करतो, परंतु बऱ्याच ठिकाणी बळकावण्याची गरजच पडत नाही. दार उघडे असते आणि आत कोणी नसते.

कामगार संघटनेतही हा रोग आहे, हे आम्ही चांगले जाणतो. बोनसच्या वर्षी सभेला मैदान पुरत नाही आणि हिशेबाच्या सभेला सतरंजी उरते. फरक एवढाच की, महिन्याची वर्गणी घ्यायला आम्हांला सभासदाच्या दारी जावे लागते. तो पैसे देण्यापूर्वी दोन शिव्या देतो आणि गेल्या महिन्यात काय केलेत ते विचारतो. त्या दोन शिव्या आमच्या संघटनेची खरी हिशेबतपासणी होय. पाच लाखांचा धनादेश पाठविणारा देणगीदार एवढी तसदी घेत नाही, म्हणून त्याच्या संस्थेला दारोदार जाण्याची सवय राहत नाही.

आपल्या व्याख्यानमालांचेच पाहा. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू झाली, आणि ती महाराष्ट्रभर पसरली. वक्ता येतो आणि जातो. सतरंज्या घालणारा, पत्रिका वाटणारा, ध्वनिक्षेपकाचे भाडे चुकते करणारा कोणी तरी मागे असतो, म्हणून दुसऱ्या वर्षी पुन्हा व्याख्याने होतात. श्रोत्याने पंचवीस-पन्नास रुपयांची पावती फाडली तर मालेच्या खर्चाला त्याचा फारसा उपयोग होणार नाही. पण पुढच्या वर्षी वक्ते कोण असावेत, हे विचारण्याचा त्याचा हक्क मात्र पक्का होतो.

३१ मार्चला हिशेबाचे वर्ष संपले आहे. आता तपासणी होईल, आणि पावसाळ्यात ठिकठिकाणच्या वार्षिक सभांच्या सूचना निघतील. आपण ज्या वाचनालयातून पुस्तके आणतो, ज्या शाळेत मुले शिकली, ज्या रक्तपेढीने घरच्या माणसासाठी रात्री-अपरात्री बाटली दिली, त्यांपैकी एका संस्थेचे तरी सभासद व्हावे, आणि त्या दिवशी ठरल्या वेळी जाऊन बसावे. ताळेबंद समजला नाही तर शेजाऱ्याला विचारावे. संस्था कोणाच्या, या प्रश्नाचे उत्तर त्या सभेच्या हजेरीपुस्तकात लिहिलेले असते.